मुतखड्याच्या आडोशाला

वाशीम जिल्ह्यात किडनी म्हटलं की तोंडात पहिला शब्द येतो तो मुतखडा. रिसोडपासून कारंज्यापर्यंत आणि मालेगावपासून मानोऱ्यापर्यंत जवळपास प्रत्येक कुटुंबात कुणाला ना कुणाला तो होऊन गेलेला असतो. एप्रिल-मेच्या उन्हात राबणाऱ्या माणसाचा घाम जास्त जातो, पाणी पोटात कमी जातं, लघवी दाट होते आणि खडे धरतात. त्यामुळे उपायही सगळ्यांना पाठ आहेत: कुळथाचं पाणी, मक्याच्या कणसाच्या केसांचा काढा, पाषाणभेद, धने-जिऱ्याचं पाणी. लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणायचं. लघवी तांबडी दिसली की 'खडा उतरून रायला असंन' म्हणून वाट पाहायची.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. या जिल्ह्यातल्या माणसांच्या किडन्या सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहणं हे माझं रोजचं काम. अलीकडे तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या लोक एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत: किडनीच्या कॅन्सरसाठी आधीच एखादी तपासणी करून घेता येते का? दिवाळीच्या सुमारास तो जास्त ऐकू येतो, कारण पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलं घरी आलेली असतात आणि आई-वडिलांसाठी 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज घ्यायचा विचार घरात चाललेला असतो. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण पैसा आणि काळजी दोन्ही कुठे लावायची, हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी या पॅकेजबद्दल. त्यात 'किडनी प्रोफाइल' नावाचा भाग असतो: युरिया, क्रिएटिनिन, युरिक अ‍ॅसिड, सोडियम, पोटॅशियम. किडनीचं काम कसं चाललं आहे ते यातून कळतं. किडनीत गाठ आहे की नाही ते कळत नाही. डाव्या किडनीत सात सेंटिमीटरची गाठ असली तरी उजवी किडनी दोघींचं काम ओढत राहते आणि क्रिएटिनिन अगदी नॉर्मल येतं. 'रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, म्हणजे किडनी ठणठणीत' हा समज मला रोज भेटतो, शिकलेल्या घरांत तर जास्तच. किडनीच्या कॅन्सरसाठी आज वापरात असलेली एकही रक्ताची किंवा लघवीची तपासणी नाही. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या संशोधकांनी २०१५ साली लघवीतल्या अ‍ॅक्वापोरिन-१ आणि पेरिलिपिन-२ या दोन प्रथिनांवरून कॅन्सर ओळखता येईल असं दाखवलं. रक्तातल्या किम-१ नावाच्या प्रथिनावरही काम चालू आहे. पण ते सगळं अजून संशोधनात आहे, दवाखान्यात आलेलं नाही.

म्हणजे पाहायचं तर प्रतिमाच पाहावी लागते, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन. मग चाळिशीपुढच्या सगळ्यांची सोनोग्राफी का करू नये? प्रश्न रास्त आहे. ज्यांनी हे करून पाहिलं, त्यांचे आकडे उपलब्ध आहेत. जपानमध्ये १९८३ ते १९९६ या काळात २,१९,६४० लोकांच्या पोटाची सोनोग्राफी झाली. त्यात किडनीचे कॅन्सर सापडले १९२, म्हणजे हजारात एकालाही नाही. पुढे जगभरातल्या अशा पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सोनोग्राफीने युरोप-अमेरिकेत दहा हजारांत सुमारे सतरा आणि आशियात सुमारे सहा कॅन्सर सापडतात असं दिसलं.

हे गणित वाशीमला लावून पाहू. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार होती. त्यातले चाळिशीच्या पुढचे तीन लाख धरा. एका रेडिओलॉजिस्टने दिवसाला तीस सोनोग्राफ्या केल्या, तर दहा हजार माणसं तपासायला त्याचं कामाचं अख्खं वर्ष जातं. त्या वर्षात बाळंतिणी, अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे, अपघातातली पोटं, सगळं बाजूला ठेवायचं. आणि आशियाच्या प्रमाणाने हाती लागणार सहा गाठी.

सहा जीव वाचले तरी हे करावं, असं कुणी म्हणेल. मीही म्हटलं असतं, जर त्या तपासणीतून फक्त सहाच माणसं वेगळी निघाली असती तर. प्रत्यक्षात पन्नाशी ओलांडलेल्या माणसांत किडनीवर साधी पाण्याची गाठ, म्हणजे सिम्पल सिस्ट, इतकी सर्रास असते की तिचा उल्लेख करून मला कंटाळा येतो. तिला औषध लागत नाही, तिचा कॅन्सर होत नाही. पण रिपोर्टवर 'सिस्ट' हा शब्द वाचून माणूस रात्र रात्र जागतो. कुणाला 'किडनीत पाणी भरलं' असं सांगितलं जातं आणि तो महिनोन्महिने गोळ्या खात बसतो. किडनीचा नैसर्गिक उंचवटा, आतल्या भागात शिरलेला तिच्याच पेशींचा जाड खांब, चरबीची निरुपद्रवी गाठ, यातलं काहीही पडद्यावर गाठीसारखं दिसू शकतं. मग सीटी, मग इंजेक्शनचा सीटी, मग अकोला नाहीतर नागपूर. चार सेंटिमीटरपेक्षा लहान ज्या घन गाठी संशयावरून काढल्या जातात, त्यातली साधारण पाचातली एक तपासाअंती कॅन्सरची निघतच नाही. जी कॅन्सरची असते तीही बरेचदा वर्षाला दोन-तीन मिलिमीटरनेच वाढते. सत्तरीच्या, हृदय कमकुवत असलेल्या माणसात अशी गाठ नुसती लक्ष ठेवून सांभाळणं हा आज मान्य झालेला उपचार आहे.

'लवकर सापडला तर जास्त जगतो' हे वाक्यही जरा थांबून तपासायला हवं. किडनीपुरत्या मर्यादित कॅन्सरमध्ये पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे आणि दूरवर पसरलेल्यात ते वीस टक्क्यांच्याही आत येतं, हे अमेरिकेतले आकडे खरेच आहेत. पण समजा, एका माणसाचा कॅन्सर बासष्टाव्या वर्षी लक्षणं होऊन कळला आणि तो पासष्टाव्या वर्षी गेला. त्याचाच कॅन्सर अठ्ठावन्नाव्या वर्षी तपासणीत सापडला असता आणि तरीही तो पासष्टाव्या वर्षीच गेला असता, तर कागदावर तो तीनऐवजी सात वर्षं जगला असं दिसलं असतं. आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नसतं. वाढलेलं असतं ते रुग्ण म्हणून जगणं. स्क्रीनिंग खरंच उपयोगी आहे का, हे ठरवायला 'निदानानंतर किती वर्षं' हा आकडा पुरत नाही. तपासलेल्यांत आणि न तपासलेल्यांत मृत्यू कमी झाले का, ते पाहावं लागतं. किडनीच्या बाबतीत तसा पुरावा आजवर कुणीही दिलेला नाही, म्हणूनच सरसकट सगळ्यांची किडनी-कॅन्सर तपासणी करणारा राष्ट्रीय कार्यक्रम जगात कुठेच नाही.

सोनोग्राफीचा प्रोब निरोगी माणसांवर मोकाट फिरवला की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण दक्षिण कोरियाचं. तिथे १९९९ साली सरकारने राष्ट्रीय कॅन्सर तपासणी कार्यक्रम सुरू केला. थायरॉइड त्यात नव्हती, पण दवाखान्यांनी थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफी जोडून द्यायला सुरुवात केली. २०११पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या पंधरा पट झालं. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू होते तिथेच राहिले. हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या आणि त्यातले बहुतेक जन्मभर गोळीवर आले. शेवटी २०१४ साली तिथल्याच डॉक्टरांनी एकत्र येऊन हे थांबवा म्हणून जाहीरपणे सांगितलं, तेव्हा शस्त्रक्रिया कमी झाल्या. किडनीतही असा न कळता राहणारा कॅन्सर असतो. स्वीडनमधल्या माल्मो शहरात पूर्वी मृत्यूनंतर बहुतेकांचं शवविच्छेदन होत असे. त्यात आढळलेल्या किडनीच्या कॅन्सरपैकी निम्म्याहून अधिक माणसांना तो हयातीत कळलेलाच नव्हता.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४चा कायदा आणि त्यातली २००३ची दुरुस्ती यांमुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीन नोंदलेलं असतं आणि ते नोंदलेल्या जागेशी बांधलेलं असतं. पोर्टेबल मशीन गाडीत टाकून गावात शिबिर घेता येत नाही, त्याला फार कडक अटी आहेत. रक्तदाबाचं यंत्र घेऊन पोहरादेवीच्या यात्रेत बसता येतं, सोनोग्राफी घेऊन नाही. काही समाजसेवी मंडळी याबद्दल कुरकुर करतात. मुलींना गर्भातच मारायला हेच यंत्र कसं वापरलं गेलं ते ज्याने पाहिलं आहे, तो या अटी सैल करा असं म्हणणार नाही. मी तर नाहीच.

तेव्हा सरसकट तपासणी नको, हे माझं स्पष्ट मत आहे. पण लेख इथे संपत नाही. मला मुख्य सांगायचं आहे ते यापुढचं आहे.

इंग्लंडमध्ये लीड्सच्या परिसरात २०२१च्या मे महिन्यात एक वेगळा प्रयोग सुरू झाला. तिथे ५५ ते ८० वर्षांच्या, कधी ना कधी सिगारेट ओढलेल्या लोकांना फुप्फुसाच्या तपासणीसाठी सीटीला बोलावलं जातच होतं. संशोधकांनी विचारलं, माणूस यंत्रात झोपलेलाच आहे, तर आणखी थोडं खाली सरकून पोटही पाहू का? बहुतेक सगळ्यांनी होकार दिला. ४,०१९ लोकांचं पोट पाहिलं गेलं आणि त्यात दहा जणांना किडनीचा कॅन्सर निघाला. त्याच वेळी एकूण शंभरातल्या पाचांहून अधिक लोकांमध्ये काही ना काही गंभीर सापडलं, हेही त्यांनी प्रामाणिकपणे मांडलं. यातून जीव वाचतात का, हे ठरायला वेळ लागेल. मला त्यातली युक्ती महत्त्वाची वाटते. नवीन तपासणी उभी करण्याऐवजी, जी तपासणी होतेच आहे तिचा पुरेपूर उपयोग करायचा.

वाशीममध्ये अशी होतच असलेली तपासणी कोणती? मुतखड्याची सोनोग्राफी. कुशीत कळ आली, उलट्या झाल्या, की माणूस सोनोग्राफीला येतोच. पोटाच्या इतर दुखण्यांसाठीही येतो. वर्षभरात जिल्ह्यातल्या अनेकांच्या किडन्या अशा कारणाने पडद्यावर येऊन जातात. जगभर आज किडनीच्या कॅन्सरपैकी निम्म्याहून अधिक असेच, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफी-सीटीत सापडतात. लघवीतून रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारा गोळा, ही पुस्तकातली तीन लक्षणं एकत्र दिसेपर्यंत आजार बहुधा पुढे गेलेला असतो.

आणि नेमकी इथेच अडचण आहे. खडा सापडला की शोध थांबतो. हे फक्त वाशीमचं नाही. रेडिओलॉजीच्या शिक्षणात आम्हाला हा धोका मुद्दाम शिकवतात. एक उत्तर मिळालं की डोळा समाधान पावतो आणि दुसरं उत्तर समोर असूनही दिसत नाही. रुग्णाचंही तसंच. त्याला खडा हवा असतो, कारण खडा ओळखीचा आहे, शेजाऱ्याचा पडला तसा आपलाही पडेल.

मालेगाव तालुक्यातून आलेले एक शेतकरी मला आठवतात. वय पन्नाशीच्या पुढे, बिडीची जुनी सवय. उजव्या किडनीत सहा मिलिमीटरचा खडा असल्याचा दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट खिशात घडी करून ठेवलेला. वर्षभरात तीन वेळा लघवी लाल झाली होती, दरवेळी दोन दिवसांत आपोआप साफ झाली आणि दरवेळी कुठून तरी खड्याच्या गोळ्या आणल्या गेल्या. त्यांना विचारलं, इतके दिवस आला का नाहीत? ते म्हणाले, "दुखत तं काईच नोतं, डाक्टरसायेब. मंग दवाखान्यात काहून याव?" खडा उजवीकडे होता तसाच होता. डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला, फासळ्यांच्या मागे, पाच सेंटिमीटरची गाठ होती. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. ते आता पेरणीला शेतात असतात.

'दुखत नाही' हेच त्यातलं महत्त्वाचं लक्षण होतं. खडा सरकताना रक्त येतं तेव्हा बहुतेक वेळा कळ असते, माणूस लोळतो. न दुखता लघवी तांबडी होणं आणि आपोआप साफ होणं, हे जास्त काळजीचं आहे. गाठीतून रक्त येतं, थांबतं, पुन्हा कधीतरी येतं. मधल्या काळात माणसाला वाटतं, काढा लागू पडला. चाळिशीपुढे लघवीत डोळ्यांना दिसेल असं रक्त एकदा जरी आलं, तरी किडनी, मूत्रवाहिनी, मूत्राशय आणि पुरुषांत प्रोस्टेट, हा सगळा रस्ता पाहिला पाहिजे. परदेशातल्या मूत्ररोग विभागांत अशा रुग्णांपैकी दहातल्या एका-दोघांना कुठे ना कुठे कॅन्सर निघतो, आणि त्यात किडनीपेक्षा मूत्राशयाचा जास्त. बीट खाल्ल्यावर किंवा क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनच्या गोळीने लघवीला रंग येतो, तो वेगळा. शंका असली तर लघवीची साधी तपासणी काही मिनिटांत सांगते की त्यात रक्त आहे की नुसता रंग.

याला मी लक्षणांवरची तपासणी म्हणेन, स्क्रीनिंग नाही. पण आपल्या जिल्ह्यात जीव वाचवायचे असतील तर ते पहिल्यांदा इथे वाचतील. आशाताई तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची माहिती घ्यायला घरोघर जातात. त्यावरून रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी होते. या तिन्ही कॅन्सरची निवड बरोबर आहे. त्यांचं प्रमाण आपल्याकडे मोठं आहे, आणि खर्रा खाणाऱ्याच्या तोंडातला पांढरा चट्टा टॉर्चच्या उजेडात फुकट दिसतो. जिल्ह्याचा मर्यादित पैसा आधी तिथेच जायला हवा. माझं म्हणणं एवढंच, की त्याच घरभेटीत आशाताईंनी 'लघवी कधी तांबडी झाली होती का, दुखलं नसलं तरी?' एवढा एक प्रश्न विचारावा. त्याला यंत्र लागत नाही आणि खर्चही नाही.

माझ्या व्यवसायबंधूंनाही काही सांगायचं आहे. डाव्या किडनीचं वरचं टोक चटकन दिसत नाही. फासळ्या, आतड्यातला वायू आणि प्लीहा यांच्यामध्ये ते दडतं. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून, खोल श्वास धरायला लावून, मागच्या बाजूने प्रोब ठेवून ते पाहावं लागतं. दाराबाहेर वीस माणसं बसलेली असताना हे अर्धं-पाऊण मिनिट जड जातं, मला ठाऊक आहे. तरी द्यावं. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी सोनोग्राफीत बऱ्याचदा निसटतात, तीन सेंटिमीटरच्या पुढच्या सहसा निसटू नयेत. वायूमुळे एखादा भाग दिसला नसेल तर तसं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहावं. साधी सिस्ट असेल तर 'साधी आहे, पुढे काही करण्याची गरज नाही' हेही लिहावं. त्या एका ओळीने एका कुटुंबाची झोप वाचते. घन गाठ असेल तर बाजू, जागा आणि मिलिमीटरमध्ये माप लिहावं, म्हणजे सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरला ती वाढली की नाही ते सांगता येईल.

काही माणसांना मात्र लक्षणांची वाट न पाहता ठरावीक काळाने तपासलंच पाहिजे. त्यांच्यासाठी स्क्रीनिंगचा शब्द योग्य आहे. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या आटलेल्या किडन्यांत सिस्ट होतात आणि त्यात कॅन्सरचा धोका वाढतो. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला किडनीचा कॅन्सर झालेला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. घरात एकाहून अधिक जणांना झाला असेल, दोन्ही किडन्यांत झाला असेल किंवा सेहेचाळीस वर्षांच्या आत झाला असेल, तर आनुवंशिक दोष शोधावा. व्हॉन हिपेल-लिंडाऊ नावाच्या आजारात तो दोष आई-बापाकडून निम्म्या मुलांत उतरतो. डोळ्यात, मेंदूत आणि किडनीत गाठी होतात. अशा घरातल्या माणसांची दरवर्षी तपासणी होते आणि किडनीतली गाठ साधारण तीन सेंटिमीटरला पोचली की तेवढीच काढून किडनी वाचवतात. या दुर्मीळ आजाराने वैद्यकाला फार मोठं काही शिकवलं. पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याचं कसं कळतं, हे विल्यम केलिन यांनी याच आजाराच्या जनुकाचा माग काढत उलगडलं आणि २०१९च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये ते एक मानकरी ठरले. त्याच ज्ञानातून बेल्झुटिफान हे औषध तयार झालं आणि २०२१ साली अमेरिकेत त्याला या रुग्णांसाठी मान्यता मिळाली.

लहान मुलांतला किडनीचा कॅन्सर वेगळा असतो. तो विल्म्स ट्यूमर. बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतली मुलं. मूल खेळत असतं, खात असतं, फक्त पोट एका बाजूला भरलेलं दिसतं. तो पहिल्यांदा डॉक्टरला सापडत नाही, तर बाळाला तेल लावताना, न्हाऊ घालताना आईच्या किंवा आजीच्या हाताला लागतो. असा गोळा लागला तर तो पुन्हा पुन्हा दाबून पाहू नका, चोळू नका, पोट सुटलं म्हणून बिब्बा किंवा डाग देऊ नका. त्याच दिवशी सोनोग्राफी करा. वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाले तर यातली बहुसंख्य मुलं बरी होतात. ज्या मुलांना जन्मतः डोळ्यात बुबुळाचा रंगीत पडदा नसतो किंवा काही विशिष्ट जन्मजात दोष असतात, त्यांची सात-आठ वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करतात.

बाकीच्यांनी काय करावं? धूम्रपान, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब ही या कॅन्सरची तीन सिद्ध झालेली कारणं आहेत आणि तिन्हींवर आपला हात चालतो. बिडी ही सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज चुकीचा आहे. रक्तदाब उपकेंद्रात फुकट मोजून मिळतो. पॅकेजच्या पैशांपेक्षा वडिलांची बिडी सुटणं आणि आईची रक्तदाबाची गोळी नियमित चालू राहणं यातून किडनीचं जास्त भलं होईल, कॅन्सरपासूनही आणि निकामी होण्यापासूनही. आणखी काही खुणा लक्षात असू द्या: कारण न कळता वजन उतरणं, हिमोग्लोबिन खाली जाणं, बारीक ताप रेंगाळणं. पन्नाशीच्या पुरुषात अंडकोषाच्या डाव्या बाजूच्या शिरा अचानक फुगल्या तर पोटाची सोनोग्राफी करावी, कारण डाव्या किडनीच्या शिरेत गाठ शिरली की तिकडून येणारं रक्त तुंबतं.

गाठ निघालीच तर घाबरून घरी बसू नका आणि शेत विकायलाही काढू नका. आजार किडनीपुरता असेल तर उपचार शस्त्रक्रिया हाच असतो. गाठ लहान असेल तर तेवढाच भाग काढून किडनी राखता येते, मोठी असेल तर किडनी काढावी लागते आणि माणूस एका किडनीवर चांगला जगतो. अशा पहिल्या नियोजित शस्त्रक्रियेला, जर्मनीत गुस्ताव सायमन यांनी १८६९ साली केलेल्या, दीडशेहून अधिक वर्षं झाली. रुग्ण जगली आणि एका किडनीवर माणूस जगतो हे त्यातून सिद्ध झालं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरसाठी किडनी काढण्याची शस्त्रक्रिया बसते. योजनेत असलेल्या रुग्णालयात रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची राज्य कर्करोग संस्था आहे, आणि मुंबईला टाटा आहेच. २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे एक दिवस मूत्ररोग विभागही चालू व्हावा, म्हणजे लाल लघवीसाठी माणसाला पहाटेची गाडी पकडून जिल्ह्याबाहेर जावं लागणार नाही, ही इथल्या लोकप्रतिनिधींकडे आमची मागणी असली पाहिजे.

वाचकहो, तुम्ही वाशीम जिल्ह्यातले असा की बाहेरचे, या दिवाळीत घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला एकदा विचारा, लघवीतून रक्त कधी गेलं होतं का. 'हो' म्हणाले, तर ते दोन वर्षांपूर्वी का गेलेलं असेना, त्या वेळी काय तपासलं गेलं ते पाहा. काहीच तपासलं नसेल तर आता तपासून घ्या. आणि सोनोग्राफीला येताना जुने सगळे रिपोर्ट सोबत आणा. खड्याचेसुद्धा.